नाव न विचारणं म्हणजे निनावी नव्हे

कॉलेजात शिकवण्याबद्दल विद्यार्थ्यांचा अभिप्राय घेणाऱ्या फॉर्मबद्दल 'नावाचा रकाना काढला की मुलं मोकळेपणानं लिहितील' असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. आमच्या विभागाच्या फॉर्ममध्ये नाव नव्हतं, पण पहिल्याच पानावर वर्ष, लिंग, ऐच्छिक विषय, वसतिगृहात राहता का, हे सगळं होतं. त्या विषयाला आम्ही सातजण, त्यात मुली दोन. कुठलं उत्तर कुणाचं हे ओळखायला गुप्तहेर नको होता! मी सरसकट 'समाधानी'वर टिक करून मोकळी झाले.

पुढे असाच फॉर्म बनवायची वेळ माझ्यावर आली, तेव्हा ही माहिती शेवटी नेली, भरायची सक्ती काढली आणि पाचपेक्षा कमी उत्तरं आलेल्या गटाचे आकडे वेगळे दाखवणार नाही, असं सुरुवातीलाच लिहिलं. लेखी उत्तरांचं मात्र अवघडच, लिहिण्याच्या लकबीवरूनही माणूस कळतो. ती आधी विभागाबाहेरच्या कुणीतरी वाचून ओळखीच्या खुणा काढलेल्या बऱ्या. आणि हो, 'शिकवणं व पेपर तपासणी समाधानकारक आहे का?' असले जोडप्रश्न तोडाच. शिकवणं उत्तम पण तपासणी रखडलेली, तर टिक कुठे करायची?