आईचा विसराळूपणा वाढलाय, व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी फरक पडतो का?

मनवा_०७:
आई ७२ वर्षांची आहे, गेले सहा-सात महिने फार विसरायला लागलीये. तेच तेच परत विचारते, काल तर गॅस बंद केला का बघायला तीनदा उठली आणि चौथ्यांदा मला पाठवलं. भावाने मेमरीसाठी म्हणून मल्टिव्हिटॅमिन आणलंय, शिवाय व्हिटॅमिन ई वेगळं. डायबिटीसची मेटफॉर्मिन १० वर्षं चालू आहे, पित्ताची गोळी पण रोज असते. कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज, खूप काळजी वाटतेय.

औदुंबर:
ताई, आधी बी१२ तपासून घ्या. मेटफॉर्मिन आणि पित्ताची गोळी, दोन्ही वर्षानुवर्षं चालू असल्या की बी१२ अंगाला नीट लागत नाही. माझ्या वडिलांचं हेच झालं, आम्ही वय झालं म्हणून सोडून देत होतो आणि मग एकदा चालताना चप्पल पायातून निसटून मागे राहिली तरी त्यांना कळलंच नाही, तेव्हा कुठे डॉक्टरकडे नेलं. बी१२ १४० निघालं, २०० च्या खाली म्हणजे कमीच. इंजेक्शनं घेतल्यावर दोन-तीन महिन्यांत बोलण्यात फरक पडला पण पायाच्या मुंग्या अजून आहेत, उशीर केला याचं फार वाईट वाटतं. थायरॉइड पण बघा.

कस्तुरी_एस:
मल्टिव्हिटॅमिन अगदीच फुकट असं नाही हं. अमेरिकेतल्या कॉसमॉस ट्रायलमध्ये २२०० च्या वर म्हाताऱ्या माणसांना ३ वर्षं तपासलं, २०२२ च्या निकालात गोळी घेणाऱ्यांचे टेस्टचे मार्क थोडे बरे होते. पण त्याआधी ६५ च्या पुढच्या जवळपास ६००० पुरुष डॉक्टरांवर १२ वर्षं हेच करून बघितलं होतं, तेव्हा काहीच फरक दिसला नाही. डिमेन्शिया टळतो असं तर सिद्धच झालेलं नाही. ई मात्र मनाने देऊ नका, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर रक्तस्रावाची भीती असते.

औदुंबर:
आणि हो, रक्त आधी द्या, मल्टिव्हिटॅमिन नंतर. नाहीतर गोळीमुळे रिपोर्टमध्ये बी१२ चांगलं दिसेल आणि खरी कमतरता कळायचीच नाही.

मनवा_०७:
ई ची बाटली काढून ठेवली. आत्ता आईला विचारलं पायाला मुंग्या येतात का, तर म्हणाली वर्षभर येतायत, तुला कशाला त्रास म्हणून बोलले नाही. उद्या सकाळीच नेते.