फाइलच्या नावावरून गाण्यांना टॅग: तुमचे अनुभव लिहा

पारिजातक
काल गाडीत पेन ड्राइव्ह लावला तर स्क्रीनवर ओळीनं 'अननोन आर्टिस्ट'. आणि आवाज भीमसेनजींचा! पोटात कालवलं. बाबांनी वीसेक वर्षांपूर्वी घरच्या कॅसेटी रोज रात्री बसून संगणकावर उतरवल्या. टॅग (फाइलच्या आतच लिहिलेली गायक, शीर्षक, अल्बम वगैरे माहिती) त्यांना ठाऊक नव्हते, पण फाइलचं नाव मात्र कधी चुकवलं नाही: '07 - भीमसेन जोशी - पूरिया धनाश्री'. फोल्डर: 'आत्याची कॅसेट, बाजू ब'.
रात्री एमपीथ्रीटॅग या टॅग लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला तोच साचा दिला, क्रमांक - कलाकार - शीर्षक. फोल्डरचं नाव अल्बममध्ये. चहा निवायच्या आत सगळ्या फायली झाल्या. 'आत्याची कॅसेट' मी बदललं नाही, तोच अल्बम.
तुम्ही कसं केलंत?

तुरीचीडाळ
आमच्याकडे 'पं. भीमसेन जोशी', 'पंडित भीमसेन जोशी' आणि नुसते 'भीमसेन जोशी' असे तीन गायक झाले 😄 आधी नावं एकसारखी करा, मग टॅग.

कोयनाकाठ
आणि 1 ते 9 च्या आधी शून्य लावा. नाहीतर काही प्लेअर 1 नंतर थेट 10 वाजवतात. कुकरची शिट्टी झाली, नंतर येते.

जुनासंगणक
मूळ फोल्डरची प्रत ठेवूनच हात घाला. मी साचा उलटा दिला आणि 600 फायलींत 'भूप' गायक आणि किशोरीताई शीर्षक. प्रत होती म्हणून वाचलो.
मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये टॅगचा प्रकार आयडीथ्री 2.3 आणि अक्षरांची पद्धत यूटीएफ-16 निवडून टॅग लिहून बघा. आयडीथ्रीच्या जुन्या पहिल्या आवृत्तीत शीर्षकाला जेमतेम 30 बाइट. चौकोन दिसत असतील तर बहुधा गाडीच्या प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्टच नाही, तिथे रोमनला पर्याय नाही.

ओसरी
पिकार्ड हा प्रोग्रॅम आवाजाचा ठसा ऑनलाइन यादीशी जुळवून गाणं ओळखतो, छापील अल्बमांना छान. पण आमच्या वाड्यातल्या गणपतीत आजोबांनी टेपवर धरलेली भजनं कुठल्या यादीत असणार? तिथे फोल्डरवर आजोबांनी लिहिलेलं 'तिसरा दिवस, पाऊस' एवढाच पुरावा. तो मी कॉमेंटच्या रकान्यात जसाच्या तसा ठेवलाय.

तुरीचीडाळ
@ओसरी, अंगावर काटा आला. पाऊस ऐकू येतो का त्यात?

ओसरी
हो ना, पत्र्यावरचा. टाळांपेक्षा मोठा.

कोयनाकाठ
आले. राग शीर्षकात की जॉनरमध्ये (संगीतप्रकाराच्या रकान्यात)? मी बंदिश शीर्षकात, राग जॉनरमध्ये टाकते. सगळा यमन एका जागी सापडतो.
आणि टेप डेकचा बेल्ट सैल झालाय, आवाज लहरतोय. कुठे मिळेल?

जुनासंगणक
मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड. जुना बेल्ट सोबत न्या, मापाला लागतो.

पारिजातक
@कोयनाकाठ, जॉनरचं आजच करते. बाबांना विचारलं, बाजू अ कुठंय? म्हणाले, उतरवायची राहिली, कॅसेट आत्याकडेच आहे. रविवारी जातेय सांगलीला.