आंबिलीच्या गुठळ्या आणि फाटलेलं ताक

ताई, नाचणीच्या आंबिलीत गुठळ्या होतात, ताक फाटतं, आणि साखर घालू का, असं विचारलंत. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या होणारच. वरचा थर लगेच शिजतो, आतलं पीठ कोरडंच राहतं.

4 चमचे (साधारण 30 ग्रॅम) नाचणीचं पीठ वाटीभर गार पाण्यात रात्री कालवून झाकून ठेवा. बेळगावच्या एप्रिलात 8 तास पुरे, जास्त ठेवलं तर फार आंबट होतं. आंबवल्याने नाचणीतलं लोह, कॅल्शियम अंगी लागायला मदत होते. सकाळी 3 वाट्या उकळत्या पाण्यात धार धरून ओता, ढवळत मंद आचेवर 8 मिनिटं शिजवा. कच्चट वास जायला हवा.

ताक मात्र पूर्ण निवल्यावरच घाला, गरमात फाटतं. मीठ, जिरेपूड, ठेचलेला लसूण. सोबत कांदा, कैरीची फोड. साखर कशाला हो?