अनुभव धागा : शाळेत हाताने काय शिकलात?

1937 च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाला केंद्रस्थानी ठेवणारी शिक्षणपद्धती मांडली, जी पुढे नई तालीम म्हणून ओळखली गेली. 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला आणि करता करता शिकण्याची रीत आधुनिक तंत्रज्ञानाशी जोडली. तेथून निघालेला ‘मूलभूत तंत्रज्ञान ओळख’, म्हणजेच आयबीटी, हा विषय पुढे अनेक माध्यमिक शाळांनी घेतला. अशा शाळांतील माजी विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांनी आपले अनुभव येथे लिहावेत. केवळ कौतुकच हवे, असे नाही.

माजी विद्यार्थिनी : आठवड्यातील एक दिवस आयबीटीचा असे. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य हे विभाग आळीपाळीने येत. गृह-आरोग्यात आमच्या गटाने शेंगदाण्याची चिक्की केली आणि दाणे, गूळ, तूप, गॅस असे सारे लिहून खर्चपत्रक निदेशकांपुढे, म्हणजे प्रात्यक्षिक शिकवणाऱ्या शिक्षकांपुढे, ठेवले. त्यांनी एवढेच विचारले, “आणि तुमची मजुरी?” ती धरल्यावर आमची चिक्की दुकानातल्या चिक्कीपेक्षा महाग पडली, मग मजुरी कमी धरायची की कामाचा वेळ वाचवायचा, यावर मधली सुट्टी संपेपर्यंत वाद चालला. त्या संध्याकाळी मी आईच्या दिवसभराच्या कामाची मजुरी मांडून तिला दाखवली, पण तिने ती हसण्यावारी नेली. (वडील मात्र हसले नाहीत.)

निदेशक : फळ्यापुढे गप्प राहणारी मुले कार्यशाळेत पुढे येतात, हे सर्वांनाच ठाऊक आहे. मला पहिल्या क्रमांकाच्या मुलांविषयी लिहायचे आहे. हातोडीने स्लॅग, म्हणजे जोडावर जमलेला कडक थर, उडवला की वेल्डिंगच्या जोडातली पोकळी उघडी पडते. तेथे सुवाच्य अक्षर किंवा पाठांतर कामी येत नाही, आणि ही मुले प्रथम चिडतात. काही दिवसांनी तीच मुले मला न विचारता जोड घासून पुन्हा मारतात. पुढे त्यांच्यापुढे कोणती यंत्रे येतील हे मी सांगू शकत नाही, त्यामुळे मला ही सवयच अधिक महत्त्वाची वाटते.

पालक : आमच्या शाळेचे नाव लिहीत नाही. विषय वेळापत्रकात होता, परंतु साहित्य कपाटात कुलूपबंद असे आणि प्रात्यक्षिकाच्या वह्या एकमेकांच्या पाहून पूर्ण होत. दहावीच्या वर्षी तर तो दिवस गणिताच्या जादा तासांना गेला. त्याला आम्हा पालकांपैकी कोणीही हरकत घेतली नाही, हेही नोंदवले पाहिजे.

निदेशक (पालकांना उत्तर) : वह्या पाहू नका, खर्चपत्रके मागा. त्यांच्यासोबत साहित्याच्या खरेदीची बिलेही मागा; बिलावरची तारीख प्रात्यक्षिकाच्या तारखेशी जुळते का, हे कोणत्याही पालकाला पाहता येते.