कॅरोटिनॉइड कमी झालं की एलएच-२ डिटर्जंटमध्ये का विस्कटतं?

प्रश्न:
रोडोबॅक्टर स्फेरॉइडीस या प्रकाशसंश्लेषक जिवाणूच्या पेशी डायफिनाइलअमाइन (कॅरोटिनॉइड, म्हणजे पिवळी-नारिंगी रंगद्रव्यं, बनणं रोखणारं रसायन; लिटरला १२ मिग्रॅ, म्हणजे सुमारे ७१ मायक्रोमोलर) घालून वाढवल्या आहेत. पटलांच्या स्पेक्ट्रममध्ये एलएच-२ची (प्रकाश टिपणारं, प्रथिनं आणि रंगद्रव्यांचं कडं) ८०० आणि ८५० नॅनोमीटरची शिखरं बुटकी दिसतात, पण जागेवर आहेत. ट्रिस बफर, पीएच ८ मध्ये १% एलडीएओ (डिटर्जंट) घातलं की अर्ध्या तासात ८५० खाली येतं आणि ७७५ जवळ (सुट्या बॅक्टेरिओक्लोरोफिलची, म्हणजे जिवाणूंच्या हरितद्रव्याची, जागा) फुगवटा येतो. साध्या पेशींच्या पटलांना त्याच डिटर्जंटने काही होत नाही. कॅरोटिनॉइडचं काम ऊर्जा पोचवणं आणि संरक्षण एवढंच असेल, तर सांगाडा का ढासळतो?

उत्तर १:
कारण ते सांगाड्यातच आहे. रोडोस्यूडोमोनास ॲसिडोफिला या दुसऱ्या जिवाणूच्या एलएच-२ची १९९५ची रचना बघा. अल्फा आणि बीटा या छोट्या प्रथिनांच्या ९ जोड्या, २७ बॅक्टेरिओक्लोरोफिल (८५०चे १८, ८००चे ९). पटलाच्या आतल्या भागात या प्रथिनांची हेलिक्स (सर्पिल वेटोळी) एकमेकांना जवळपास भिडतच नाहीत, मधली जागा रंगद्रव्यांनी भरलेली असते. कॅरोटिनॉइड एका जोडीत सुरू होऊन शेजारच्या जोडीला टेकतं. गोधडीतला टाका समजा.

सगळी रंगद्रव्यं भार घेतात असं मात्र नाही. आम्ल पीएचला (५च्या आसपास) सौम्य डिटर्जंटमध्ये ८००चे रेणू निघून जातात, तरी कडं आणि ८५० टिकतं.

उत्तर २:
टाका उसवला हे आधी सिद्ध करा. कॅरोटिनॉइड नसताना उजेड आणि ऑक्सिजन मिळाला की सिंग्लेट ऑक्सिजन (ऑक्सिजनचं अतिक्रियाशील रूप) तयार होतो आणि बॅक्टेरिओक्लोरोफिल जळतं. त्यामुळे नमुना नायट्रोजनखाली, ४ अंशांवर, फॉइलमध्ये ठेवा आणि दर ५ मिनिटांनी स्पेक्ट्रम घ्या. शेवटी ॲसिटोन-मिथेनॉल ७:२ मध्ये अर्क काढून ७७० ला मोजा (गुणांक ७६ प्रति मिलिमोलर प्रति सेंमी). एकूण तेवढंच भरलं तर रेणू सुटे झाले, घटलं तर जळाले. ७५०–७६० आणि ५२५–५३० ला शिखरं दिसली तर बॅक्टेरिओक्लोरोफिलमधलं मॅग्नेशियम गेलंय, पीएच तपासा.

आणखी एक: दोन्ही नमुने ८५० वर सारखे केले असतील तर फिकट नमुन्यात पटल जास्त, म्हणजे पटलामागे डिटर्जंट कमी. तुलना प्रथिनावर करा.

उत्तर ३:
वरचा टाका सार्वत्रिक नाही हं. रोडोस्पिरिलम रुब्रम या जिवाणूच्या जी-९ या कॅरोटिनॉइड नसलेल्या वाणातही एलएच-१ (प्रकाश टिपणारं दुसरं कडं) बनतं. फक्त ऑक्टिल ग्लुकोसाइड या डिटर्जंटने ते सहज ८२० च्या उपघटकात आणि पुढे ७७७ च्या सुट्या रूपात मोडतं. मूळ जातीत हेच करायला आधी कॅरोटिनॉइड काढावं लागतं. स्फेरॉइडीसचं एलएच-२ जास्त हट्टी आहे: कॅरोटिनॉइड अजिबात नसेल तर ते जवळपास उभंच राहत नाही, एलएच-१ राहतं.

डायफिनाइलअमाइन संश्लेषण पूर्ण थांबवत नाही, म्हणून तुमच्याकडे बहुधा मिश्र कडी (काहींत कॅरोटिनॉइड, काहींत नाही) आहेत. डिटर्जंटनंतर सुक्रोज ग्रेडियंट (साखरेच्या वाढत्या घनतेत फिरवून वेगळं करणं) लावा आणि टिकलेल्या पट्ट्यात ४५०–५१५ चं (कॅरोटिनॉइडचं) ८५० शी प्रमाण मूळ पटलांशी ताडून बघा. ते वाढलेलं निघालं तर बिनटाक्याची कडीच आधी फुटली.