मदत हवी आहे: कथानकच नसलेल्या विनोदी ॲनिमेला जोखायचं कसं?

मंडळी, क्योतो ॲनिमेशन या जपानी स्टुडिओची २०११ची 'निचिजो' ही शाळेतल्या रोजच्या गमतींची मालिका बघून झाली, २६ भाग. मुख्याध्यापक शाळेच्या आवारात हरणाशी कुस्ती खेळतात आणि त्याला उचलून मागे आपटतात, तो प्रसंग मारधाडीच्या मालिकांनाही लाजवेल असा रंगवलाय. पाठीवरची चावी लपवायला धडपडणारी रोबो नानोही लाडकी झाली. पण मधले काही तुकडे उगाच ताणलेत. उलट २००२च्या 'अझुमांगा दाइओ'चं चित्रण साधंच, तरी तीन वर्षांनी त्यातल्या शाळकरी मुली शाळा सोडतात तेव्हा चुटपुट लागते.

'काही घडतच नाही' म्हणून गुण कापणं मला पटत नाही. मग भर कशावर द्यायचा, विनोदाच्या टायमिंगवर की पात्रांवर? आणि फसलेले तुकडे किती माफ करायचे? जाणकारांनी जरा सांगा ना.