वापरलेला बास: ‘बाकी सगळं नंतर बदलता येतं’ या सल्ल्याबद्दल

खर्जषड्ज
परवा ‘जाडतार’ यांनी पहिल्यांदा बास (जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार) घेणाऱ्यांना सल्ला दिला: ‘वापरलेला बास घेताना पिकअप आवडले की पुरे. नेक वाकली असेल तर ट्रस रॉड फिरवा. अ‍ॅम्प मात्र ५०० वॅटच्या खाली घेऊ नका. बाकी सगळं नंतर बदलता येतं.’

हे वाचून राहवलं नाही. नेक म्हणजे जिच्यावर तारा दाबतो ती लांब दांडी, ट्रस रॉड म्हणजे तिच्या आतला, तिचा बाक कमी-जास्त करणारा धातूचा गज. बासमध्ये जे खरोखर बदलता येत नाही ते नेमकं नेकमध्येच असतं. पिकअप (तारेचं कंपन विजेत बदलणारा भाग), पॉट (आवाज कमी-जास्त करणारं बटण), ब्रिज (तारांचं खालचं टोक बसतं तो भाग), ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या) हे सगळं तासाभरात निघतं.

हातात घेतल्यावर आधी तारा सुरात लावा. चार तारांचा मिळून ताण सुमारे ७५ ते ८० किलो असतो, तो नसताना नेक बघून काही कळत नाही. मग सगळ्यात जाड E तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांतली फट बघा. साधारण ०.३ मिमी हवी, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी. हेच सगळ्यात बारीक G तारेवर करा. एकीकडे फट आणि दुसरीकडे तार टेकलेली, म्हणजे नेकला पीळ आहे. ट्रस रॉड पीळ काढत नाही.

मग ट्रस रॉडचा नट आधी पाव फेरा सैल करून बघा, नंतर घट्ट. आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल आणि तरीही नेक पुढे वाकलेली असेल, तर रॉड संपला. ‘थोडा सेटअप लागेल’ म्हणून असे बास लोकांच्या गळ्यात मारले जातात.

जाडतार
सल्ला माझाच आणि मी त्यावर ठाम आहे. बोल्ट-ऑन नेक चार स्क्रूंवर असते. खराब निघाली तर दुसरी बसवा. नवशिक्याच्या हातात एवढी यादी दिलीत तर तो बास घेणारच नाही.

फ्रेटलेस
चार स्क्रू काढणं सोपं आहे, दुसरी नेक बसवणं नाही. नेक बसते त्या खोबणीची रुंदी अर्ध्या मिलिमीटरने जास्त असली तरी नेक हलते, कमी असली तर बळजबरीने बसवताना कडेचा रंग तडकतो. जुनी भोकं जुळली नाहीत तर ती लाकडाने बुजवून पुन्हा पाडावी लागतात. ३४ इंची बासवर ३० इंची नेक लावली तर ब्रिजची जागाच चुकते आणि सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) कितीही सरकवलं तरी बारावा फ्रेट सुरात येत नाही. आणि नेक-थ्रू (नेक अंगातून आरपार गेलेला) बास असेल तर? तिथे नेक बदलणं म्हणजे बासच बदलणं.

अजून एक गोष्ट राहिली. G तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास प्रत्येक सूर धरून ठेवा, अ‍ॅम्प न लावता. एखादा सूर शेजाऱ्यांच्या निम्म्या वेळात मरतो. त्या कंपनसंख्येला नेक स्वतःच हलते आणि तारेची ऊर्जा खाऊन टाकते. हेडस्टॉकला (नेकच्या वरच्या टोकाला) वजन लावलं तर ती जागा थोडी सरकते, जात नाही.

मल्टिमीटर
नेकचं पुरे, ५०० वॅटवर कोणीच बोलत नाही. हा आकडा बहुतेक हेडवर (स्पीकर नसलेल्या अ‍ॅम्पवर) ४ ओहमला, म्हणजे स्पीकरच्या तेवढ्या विद्युत अडथळ्याला, दिलेला असतो. ८ ओहमचा एकच कॅब (स्पीकरची पेटी) जोडला की तेच हेड ३०० च्या आसपास देतं. वॅट दुप्पट केले तर वाढ फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. उलट कॅबची सेन्सिटिव्हिटी (एका वॅटला किती डेसिबल आवाज) ९४ ऐवजी १०० असेल तर १०० वॅटमध्ये ४०० वॅटचं काम होतं. हेडचे वॅट मोजणारे कॅबचा हा आकडा का विचारत नाहीत?

जाडतार
कागदावर ठीक. ड्रमर जोरात वाजवायला लागला की खालच्या E ला, ४१ हर्ट्झला, हेडरूम (आवाज न फाटता वाढवायला शिल्लक ताकद) लागते. छोटं हेड तिथे फाटतं.

नळीवाला
म्हणून तर ट्यूब, काचेच्या व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प! १९६९ चा अँपेग एसव्हीटी ३०० वॅटचा, १४ ट्यूबचा. आठ दहा-इंची स्पीकरच्या कॅबवर लावला की क्लास-डीचे (आजच्या हलक्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचे) ८०० सुद्धा त्याच्यापुढे पातळ वाटतात. ट्यूबचा वॅट वेगळा असतो.

मल्टिमीटर
वॅट हा वॅटच. ट्यूब हळूहळू क्लिप होते, म्हणजे आवाजाच्या लहरीची टोकं गोल होतात, म्हणून रेटिंगच्या पुढे ढकललं तरी कानाला चालतं. क्लास-डीमध्ये लिमिटर (आवाज आपोआप रोखणारं सर्किट) आडवा येतो किंवा टोकं एकदम छाटली जातात. शिवाय आठ स्पीकरच्या त्या कॅबचं श्रेय तुम्ही हेडला देताय.

नळीवाला
ज्यांनी आयुष्यभर मीटरच बघितला त्यांना आवाज काय कळणार!

मल्टिमीटर
माझ्या कानांवर घसरू नका, मुद्द्यावर बोला. ट्यूबची शिफारस करताय तर नवख्या माणसाला हेही सांगा की कॅब जोडल्याशिवाय हेड सुरू करून सूर वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. कॅबला गिटारची केबल लावू नका. तिची आतली तार बारीक असते, तापते, आणि तुटली तर पुन्हा तोच ट्रान्सफॉर्मर धोक्यात. हेड घेताना दिवे मंद करून आउटपुट ट्यूबकडे पाच-दहा मिनिटं बघा. आतली प्लेट लाल व्हायला लागली तर बायस (ट्यूबमधल्या प्रवाहाची जुळणी) बिघडलाय किंवा ट्यूब गेली आहे, लगेच बंद करा.

आणि कॅबच्या मागच्या लेबलवर विश्वास ठेवू नका. कोणीतरी स्पीकर बदललेला असतो. केबल सोडवून मल्टिमीटर लावा: ८ ओहमचा कॅब साधारण ५.५ ते ६.५ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ३.५. ४ ओहमचे दोन कॅब समांतर जोडले तर २ ओहम. ४ ओहम किमान असलेलं हेड त्यावर एक तर बंद पडतं, नाही तर जळतं.

नळीवाला
कॅब आणि केबलचं बरोबर आहे. आवाजाचं नाही.

जुनंखोड
नेक आणि वॅट दोन्ही बाजूला ठेवा. खरी फसवणूक ‘सगळं मूळ’ या दोन शब्दांत आहे. सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने १९६५ मध्ये फेंडर ही गिटार कंपनी घेतली, त्यामुळे त्याआधीचा म्हटला की भाव चढतो. पिकगार्ड (समोरची झाकणपट्टी) उघडायला लावा. पॉटवरच्या आकड्यात १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल (पॉट बनवणाऱ्या कंपन्या), पुढे वर्ष आणि आठवडा. बास त्या आठवड्याच्या आधीचा असू शकत नाही, नंतरचा असू शकतो. १९६६ चे पॉट पुढची काही वर्षं वापरले गेले. सोल्डर बघा. जुना डाग मळकट असतो, नव्याने तापवलेला चकचकीत. पॉट मूळ पण सोल्डर नवा असेल तर पिकअप कधीतरी निघालेत.

खर्जषड्ज
पॉटचं ठाऊक आहे, पण पहिला बास घेणारा साठ वर्षांपूर्वीचा घेत नाही. विषय नेकचा होता.

जाडतार
ठीक आहे. ट्रस रॉडबद्दलचं वाक्य मागे घेतो, रॉड आणि पीळ तपासायलाच हवा. ५०० वॅट मागे घेत नाही. माइक नसलेल्या ड्रमसोबत ३०० चं हेड एका कॅबवर रोज शेवटच्या टोकाला चालवावं लागतं.

मल्टिमीटर
मग ‘५०० वॅट आणि चांगल्या सेन्सिटिव्हिटीचा कॅब’ असं लिहा. माझी हरकत मिटली.

फ्रेटलेस
ट्रस रॉडची किल्ली न्यायची तर इंची आणि मिलिमीटर दोन्ही संच न्या. ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिमी. तिथे ५ मिमीची शिरत नाही आणि ४.५ ची ढिली घालून जोर लावला की नट गोल होतो. मग तो बास तुमचाच.

जाडतार
आणि जुन्या पद्धतीच्या नेकमध्ये नट खोबणीच्या आत असतो, त्याचं काय? तारा सैल करून नेक उचलल्याशिवाय तो फिरतच नाही. अनोळखी माणसाला कोण स्वतःच्या बासची नेक काढू देईल?

खर्जषड्ज
नाही देणार. मग रॉड संपलेला आहे असं धरूनच भाव सांगायचा. त्याला तो मान्य नसेल तर त्याने स्वतः नेक काढून नट फिरवून दाखवावा.